शोकेसमधलं भूत

बरेच दिवस इथे काही लिहिलेलं नाही. कारणं नेहमीचीच, गुडघा आणि आळस. आज लिहायला बसले आहे ती मात्र भांडायला. भांडण घरातलंच आहे. रोह्याची सगळी मंडळी हे वाचतात आणि वाचून झालं की फोन करून "हे आमच्यावर होतं का गं?" असं विचारतात, म्हणून आधीच सांगून टाकते. हो, तुमच्यावरच आहे. माझ्यावरही आहे, पण ते जरा पुढे.

तर झालं असं. २०२५च्या गणपतीत धाकट्या दिरांचा मुलगा घरी आला होता. तो असतो ब्रिस्बेनला, पण कामासाठी वर्षातले काही महिने पापुआ न्यू गिनीत, पोर्ट मोर्स्बीला काढतो. बॅगेतून चॉकलेटं निघाली, अत्तरं निघाली आणि सगळ्यात शेवटी दोन टॉवेलांत गुंडाळलेली एक लाकडी आकृती निघाली. हातभर उंच. नाक पक्ष्याच्या चोचीसारखं लांब, थेट पोटापर्यंत आलेलं. डोळ्यांच्या जागी कवड्या. अंगावर तांबड्या-पांढऱ्या रेघा. सेपिक नदीकाठच्या लोकांचं काम, बाजारात विकत घेतलेलं. तिकडे पूर्वजांच्या, आत्म्यांच्या अशा आकृत्या कोरतात, एवढंच त्याला माहीत होतं.

माजघर एकदम गप्प झालं. मग अण्णा, म्हणजे माझे मोठे दीर, म्हणाले, "गणपती बसलाय घरात आणि हे जंगली लोकांचं भूत कशाला आणलंस? आधी पडवीत नेऊन ठेव."

जाऊबाईंचं मत वेगळं पडलं. "अय्या, किती एथनिक आहे! हॉलमध्ये शोकेसला ठेवू, त्या बोहाड्याच्या मुखवट्याशेजारी. वरून एक छोटा लाइट सोडला की झालं."

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. "काकू, तू सांग ना." मी काही बोलले नाही. मोदक उतरवायचे होते हे एक कारण. खरं कारण असं की दोघांचंही बोलणं खटकलं होतं, पण नेमकं काय खटकलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. मधल्या काळात थोडं वाचलं, बराच विचार केला. आता सांगता येईल.

अण्णांपासून सुरुवात करते, ते मोठे आहेत म्हणून.

अण्णा, दसरा झाला की धावीर महाराजांच्या पालखीला तुम्ही दरवर्षी न चुकता उभे असता. आपल्या ग्रामदैवताच्या पालखीला पोलीस मानवंदना देतात, तेव्हा तुमचे डोळे भरून येतात हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. माझेही येतात. त्या देवाच्या नावातच 'वीर' आहे. आपल्याकडे वीर कुणाला म्हणतात? गेलेल्या माणसाला, जो गेला तरी घराच्या, गावाच्या पाठीशी उभा आहे असं आपण मानतो. गावोगाव वीरगळ उभे आहेत. कित्येक देवघरांत पूर्वजांचे टाक पुजले जातात. नाशकात तर धुळवडीला घरातले वीर हातात घेऊन वाजतगाजत मिरवतात. मेलेल्या माणसाला आकार द्यायचा, त्याला जेवू घालायचं, नाचवायचं, हे आपण केलं की कुळाचार. सेपिकच्या काठी कुणी केलं की भूत?

आणि भूत शब्दाचंही काय घेऊन बसलात! तुळुनाडूत, म्हणजे मंगळूर-उडुपीच्या पट्ट्यात, भूत ही शिवी नाही. तिथे भूताची कोला होते, रात्रभर, आणि गावातले तंटे त्याच्यासमोर मिटवले जातात. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात मेक्केकट्टूहून आणलेल्या त्या भूतांच्या लाकडी मूर्ती आहेत, पुरुषभर उंचीच्या आणि त्याहूनही मोठ्या. दिल्लीला गेलात तर बघून या. हात जोडावेत की घाबरावं ते कळत नाही.

'जंगली' शब्दाचा तर मला मनापासून राग आला. तो मुलुख ज्या भागात मोडतो त्याला मेलानेशिया म्हणतात. हे नाव १८३०च्या दशकात द्युमाँ द्युर्व्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीने रूढ केलं. अर्थ काय, तर 'काळ्यांची बेटं'. माणसांच्या कातडीकडे बघून मुलखाला नाव! आपण साहेबाच्या बोटीतून त्या लोकांकडे बघतो आहोत, हे निदान कळलं तरी पुरे. आणि खरं सांगा, हा शब्द आपल्या घरात काही त्या दिवशीच पहिल्यांदा उच्चारला गेला का? पावसाळ्यात दारावर चिंबोऱ्या नि रानभाज्या घेऊन येणारी कातकरीण भाव कमी करत नाही म्हटल्यावर तिच्या पाठीमागे कोणता शब्द वापरला जातो? तिच्या वाडीच्या वाटेवर, झाडाखाली शेंदूर फासलेलं लाकूड आहे. मी नवी सून असताना तिथे नारळ ठेवायला मला कुणी पाठवलं होतं? सासूबाईंनी. "तो राखणदार आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही," म्हणाल्या होत्या. त्या जंगली नव्हत्या ना?

असो. आता जाऊबाई.

जाऊबाईंचं मन मोठं आहे, त्यांनी त्या आकृतीला घरात जागा दिली. अण्णांपेक्षा त्या पुढारलेल्या, असं मलाही आधी वाटलं. पण मग मी मलागनबद्दल वाचलं आणि माझं मत पार फिरलं.

पापुआ न्यू गिनीतच न्यू आयर्लंड नावाचं एक लांबोडकं बेट आहे. त्याच्या उत्तर भागात माणूस गेल्यावर शेवटचे विधी लगेच करत नाहीत. डुकरं, सुरण-अळकुड्यांसारखे कंद, शंखशिंपल्यांचं चलन, सगळं जमवायला काही वर्षं लागतात. मग एकदम, कधी बऱ्याच मृतांचा मिळून, मोठा समारंभ करतात. त्या समारंभालाही मलागन म्हणतात आणि त्यासाठी कोरलेल्या लाकडी आकृत्यांनाही मलागनच म्हणतात. कोरणारा माणूस कुंपणाच्या आड बसून काम करतो, सगळ्यांनी येऊन बघायचं नाही. पक्षी, मासे, साप, माणूस, सगळे एकमेकांच्या तोंडातून निघाल्यासारखे. लाकूड हलकं, पांढरट, बहुतेक वेळा आपल्या सातविणीच्या जातकुळीतलं. (हो, तीच सातवीण, जिच्याखालून तिन्हीसांजेला जायचं नाही म्हणून आजी आम्हाला दटावायची. तिच्या लाकडाच्या पूर्वी पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात 'स्कोलॅरिस' आहे. भुताचं झाड आणि शाळेची पाटी, दोन्ही एकाच लाकडात!) रंग चढतात, आणि डोळ्यांच्या जागी समुद्री गोगलगायीच्या शंखाचं झाकण बसवतात, हिरवट बाहुली असलेलं. डोळे लागले की ती आकृती बघायला लागते.

इथपर्यंत वाचलं आणि मी एकदम पेणला जाऊन पोचले.

माझं माहेर पेणचं. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने होते, आणि आमची आत्या त्यातल्या एका कारखान्यात आखणीला जायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणं. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, अंगाचा रंग देणारे वेगळे. डोळे कुणीही काढायचे नाहीत. आत्या श्वास रोखून बुबुळाची रेघ ओढायची आणि आम्ही पोरं दारात गप्प उभी राहायचो. शंभर गणपती रांगेत बसलेले असायचे, आंधळे, आणि आत्या पुढे सरकेल तसतसे एकेक करून आमच्याकडे बघायला लागायचे. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. हजारो मैलांवरच्या बेटावर कुणी माणूस शंखाचं झाकण बसवताना असाच श्वास रोखत असेल, असं वाचताना वाटलं.

पण खरी गंमत त्याच्यापुढे आहे. एवढ्या मेहनतीने केलेलं ते मलागन किती वेळ दाखवतात? कधी काही तास, कधी काही दिवस. समारंभ झाला, डुकरं वाटून झाली, की त्याचं काम संपलं. मग ते रानात कुजायला सोडून देतात, किंवा जाळतात. मलागनवर सुझान क्युखलर नावाच्या बाईंचं २००२ साली आलेलं एक पुस्तक आहे. त्यांचं म्हणणं असं की त्या लोकांच्या लेखी मालमत्ता म्हणजे ते लाकूड नव्हे. मालमत्ता म्हणजे ती आकृती पुन्हा कोरून घेण्याचा हक्क. कुठल्या घराण्याला कुठलं चित्र करता येतं हे ठरलेलं असतं, आणि तो हक्क समारंभात सगळ्यांदेखत, रीतसर मोबदला घेऊन पुढच्याला दिला जातो. लाकूड नाहीसं होतं, चित्र लोकांच्या डोळ्यांत राहतं. पुढच्या वेळी त्या आठवणीवरून पुन्हा कोरायचं.

म्हणजे विसर्जनच की!

एकोणिसाव्या शतकात तिथे गोरे व्यापारी आले. १८८४ पासून १९१४ पर्यंत तर तो भाग जर्मनांच्याच ताब्यात होता. काम संपलेली मलागनं त्यांनी तंबाखू नि लोखंडी हत्यारं देऊन घेतली. बेटावरच्यांना वाटलं, बरं झालं, विल्हेवाट लागली. जाळलं काय आणि बोटीतून कायमचं दूर गेलं काय, सारखंच. अशी हजारो मलागनं आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत काचेआड उभी आहेत. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी अशा लाकडी वस्तूंवर आर्सेनिक फासत, नंतर डीडीटी मारत. ज्या वस्तूने कुजणं हाच तिचा धर्म, तिला विष घालून जिवंत ठेवायचं! तिकडेच पश्चिमेला अस्मात लोक मारल्या गेलेल्या आप्तांसाठी उंचच्या उंच खांब कोरतात, बिस म्हणतात त्यांना. विधी झाला की ते साबुदाण्याच्या ताडांच्या बनात नेऊन टाकतात, म्हणजे त्यातली ताकद झाडांत उतरते. १९६१ मध्ये मायकेल रॉकफेलर नावाचा अमेरिकन कोट्यधीशाचा मुलगा हे खांब गोळा करता करता तिथेच बेपत्ता झाला. त्याने जमवलेले खांब न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत. त्यांच्या वाटची ताडं मात्र तशीच राहिली.

तुम्ही म्हणाल, बाई, संग्रहालयांनी ठेवलं नसतं तर तुला हे कळलं तरी असतं का? नसतं. फोटो बघितल्याशिवाय मला एक अक्षर लिहिता आलं नसतं, हे कबूल. पण कुणी उद्या आपला विसर्जनाला निघालेला गणपती किनाऱ्यावरून उचलून, उत्तम पॉलिश मारून, बर्लिनच्या एखाद्या दालनात 'भारतीय जमातीची सोंडवाली मृत्तिकाकृती' अशी पाटी लावून ठेवला, आणि म्हटलं की तुमच्यापेक्षा आम्ही तो नीट सांभाळतो, तर आपल्याला काय वाटेल? अण्णा तर मोर्चाच काढतील.

म्हणून जाऊबाई, तुमच्या शोकेसशी माझं भांडण आहे. त्या मुखवट्याशीही आहे. बोहाडा हा जव्हार-मोखाड्याकडचा उत्सव. होळीनंतरच्या रात्रींमध्ये देव-दैत्यांचे मुखवटे लावून, संबळ-सनईच्या तालावर उजाडेपर्यंत सोंगं नाचतात. कुठलं सोंग कुणी घ्यायचं याचे मान ठरलेले असतात, अगदी मलागनच्या हक्कांसारखे. आपण तो मुखवटा मुंबईच्या प्रदर्शनात घेतला, घासाघीस करून. तो विकण्यासाठीच केलेला होता, करणाऱ्याला चार पैसे मिळाले, यात वाईट काही नाही. पण दहा वर्षं तो भिंतीवर आहे आणि आपल्यापैकी एकानेही विचारलं नाही की हा कोण? नरसिंह की भैरव की रावण? पाहुण्यांना आपण सांगतो, "ट्रायबल आर्ट आहे." वाघदेवाचंही तेच चाललंय. ठाणे-पालघरकडे वारली नि महादेव कोळी लाकडी फळीवर चंद्र, सूर्य, वाघ कोरून वाघोबा बसवतात. २०२१मध्ये आलेल्या एका शोधनिबंधात ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर मिळून वाघोबाची दीडशे ठाणी नोंदली होती, आणि आजही लोक बिबट्याच्या भीतीने आणि भरवशाने तिथे जातात. त्या फळ्या उन्हापावसात झिजतात. झिजली की नवी. आणि आपण रिसॉर्टच्या रिसेप्शनमागे तीच फळी वॉर्निश लावून टांगतो.

अण्णांनी त्या आकृतीला भूत म्हटलं तेव्हा निदान तिच्यात कुणी असू शकतं एवढं तरी मान्य केलं. शोकेसने तेही केलं नाही. अण्णांना घाबरण्याचं कारण नव्हतं हे खरं, कारण पुतण्याने आणलेली आकृती बाजारासाठीच कोरलेली, तिच्यात राहायला कुणी आलेलंच नव्हतं. प्राणप्रतिष्ठा न झालेली मूर्ती जशी नुसती माती, तसं ते नुसतं लाकूड.

आता माझी पाळी.

त्या वर्षी आपला गणपती प्लास्टरचा होता. अडीच फुटी. मी पेणची मुलगी, शाडू आणि पीओपीमधला फरक मला डोळे मिटून, बोटाने टकटक करून कळतो. मी पैसे मोजले आणि गप्प बसले, कारण सगळ्यांना उंच हवा होता, शाडूचा तेवढा उंच उचलायला चार माणसं लागली असती, आणि भावही दुप्पट होता. गौरींबरोबर उत्तरपूजा झाली. अक्षता टाकल्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवली, देव गेला. कुंडलिकेवर गेलो, आरती झाली, सगळे रडलो. तिसऱ्या दिवशी मी सकाळी नदीकडे फिरायला गेले तर काठाला, जलपर्णीत अडकलेला एक गणपती होता. आपलाच होता की नाही देव जाणे, सगळे एका साच्यातले. रंग जवळजवळ शाबूत. एक हात तुटलेला, त्यातून काथ्या बाहेर आलेला. आणि डोळे अगदी नीट, आखीव. माझ्याकडे बघत होते.

मला वाटतं माझा राग तिथे सुरू झाला. मूर्तीत देव नव्हता, तो तीन दिवसांपूर्वी गेला होता. पण मूर्ती जायला तयार नव्हती.

पीओपीबद्दल पर्यावरणवाले जे बोलतात ते बरोबरच आहे, मी ते पुन्हा लिहीत नाही. केंद्रीय प्रदूषण मंडळाने २०२०च्या नियमावलीत पीओपीला मनाई केली. मग २०२५च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती करायला, विकायला मुभा दिली, फक्त नैसर्गिक पाण्यात विसर्जन नको म्हटलं. जुलैत आणखी ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या कृत्रिम तलावात, त्याहून मोठ्या चालतील समुद्रात. म्हणजे बघा, जो जेवढा मोठा, तेवढी त्याला सवलत! माझी तक्रार यातल्या कुठल्याच कागदात बसत नाही. माझी तक्रार अशी की न विरघळणारी मूर्ती करून आपण विसर्जन हा विधीच खोटा करून टाकला आहे. हौदात बुडवायची, रात्री क्रेनने काढायची, ट्रकमध्ये घालायची. याला जर्मन बोटींपेक्षा वेगळं काय म्हणायचं?

पेणच्या कारखानदारांवर हे ढकलू नका हं कुणी. हमरापूर, जोहे, कळवे, तिकडच्या घराघरात वर्षभर हेच काम चालतं, आणि हाताला काम मिळालेल्या बायका त्यात कितीतरी आहेत. शाडू तरी कुठे आपला? तोही गुजरातेतून येतो. पावसाळ्यात सुकत नाही, गाडीत घालताना सोंड तुटते, आणि नुकसान करणाऱ्याच्याच अंगावर. गिऱ्हाईक दारात उभं राहून "जरा उंच दाखवा, जरा हलका दाखवा, जरा कमी करा" म्हणतं. ते गिऱ्हाईक म्हणजे मीच. आत्याला हे कळलं असतं तर तिने मला पेणच्या वेशीत पाऊल टाकू दिलं नसतं.

यंदा मी वीतभर उंचीचा, शाडूचा, बिनरंगाचा कच्चा गणपती सांगून आले आहे. फक्त डोळे आखून द्या म्हटलं. घरात अजून कुणाला बोललेली नाही, हे वाचूनच कळेल. अण्णा, नऊ इंच म्हणजे कमी नाही. मखर रिकामं दिसत असेल तर मखर लहान करा.

आणि ती आकृती. ती माझ्याकडे आहे, पडवीत, अण्णांनी सांगितल्याप्रमाणेच. पावसाची झड येते तिथे. मुद्दाम ठेवली आहे. उजव्या पायाला भुंगा लागलाय, खाली पिवळसर भुसा पडतो, तो मी रोज केराबरोबर झाडते. परवा पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्याला तो पाय दिसला. "काकू, अगं काहीतरी औषध मार ना तिला," म्हणाला. मी म्हटलं, आधी मी काय लिहिलंय ते वाच, मग बोलू.